घराची झोप

बेळगावजवळच्या कंग्राळी बुद्रुकमधल्या आमच्या जुन्या घरात आम्ही सहा माणसं दोन खोल्यांत झोपायचो आणि सहा जणांच्या झोपायच्या वेळा चार होत्या. आण्णा शिवारात वीज येईल त्या घटकेला उठायचे. थोरला भाऊ उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत होता. थर्ड शिफ्ट असली की सकाळी साडेसातला घरी येऊन आडवा व्हायचा. आई चारला उठायची, कारण नळाला पाणी तेव्हाच यायचं. आजी रात्रभर खोकत कूस बदलायची. मी आणि धाकटी बहीण आतल्या खोलीत. आमच्या उशाशी रात्रभर कुणी ना कुणी कडी काढत असायचं, बॅटरी शोधत असायचं, घागरी हलवत असायचं. लहानपणी त्याचं काही वाटलं नाही. घर असंच असतं अशी समजूत होती.

पुढे हायस्कुलात पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मागच्या बाकावर कुणी पेंगताना दिसलं की मी त्याला उभं करायचो. बरीच वर्षं हे केलं. एकदा दहावीतला एक मुलगा उभा राहूनही पेंगू लागला. मान पुढं पडायची, दचकून वर यायची. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "रात्री काय करत होतास रे?" तो म्हणाला, "सर, दोनला लाईट आली. बाबांची पाठ धरलीय. मीच दारं धरली की उसाची." त्याच्या पायाच्या बोटांमधे चिखल वाळलेला होता. त्यानंतर पेंगणाऱ्या मुलाला मी उभं केलं नाही. त्याच्याशी आधी बोलायला लागलो, आणि बोलता बोलता ध्यानात आलं की त्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या झोपेची गोष्ट त्यांच्या एकट्याची नव्हती. ती त्यांच्या घराची होती.

गावातल्या काही मंडळींनी मिळून झोपेवरची ही पुस्तिका केली आहे. पुढच्या पानांत डॉक्टरांनी आणि जाणकारांनी निद्रानाशावर, पाळीच्या कामावर, मुलांच्या झोपेवर, घोरण्यावर लिहिलं आहे. मला विषयाची ओळख करून द्यायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधं सांगणार नाही. जे पाहिलं आणि जे वाचून पडताळलं तेवढंच लिहितो. माझं म्हणणंही एकच आहे. झोप ही भावकीतल्या सामायिक विहिरीसारखी असते. एकाने वेळी-अवेळी उपसली की दुसऱ्याच्या पाळीला तळ दिसतो. म्हणून झोपेच्या सवयी सुधारायच्या तर एका माणसाला उपदेश करून भागत नाही, घराचं वेळापत्रक बघावं लागतं.

आधी थोडं शरीराबद्दल. आपल्या पेशीपेशींत एक घड्याळ असतं आणि ते साधारण चोवीस तासांच्या फेऱ्यावर चालतं. हे घड्याळ रेणूंच्या पातळीवर कसं चालतं ते शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी अभ्यास केला तो फळांवर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या माशीवर. ज्या जीवाला आपण हाताने वारतो त्याच्याही अंगात दिवस-रात्रीचा हिशोब आहे. हे घड्याळ रोज सकाळच्या उजेडाने लावलं जातं. संध्याकाळी अंधारलं की मेंदू मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडू लागतो, अंगाचं तापमान थोडं उतरतं आणि झोपेची वाट मोकळी होते. झोपेतही सगळा वेळ सारखा नसतो. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं असतात. पहिल्या आवर्तनांत गाढ झोप जास्त, पहाटेच्या आवर्तनांत स्वप्नांची झोप जास्त. आपण जिला साखरझोप म्हणतो ती पहाटेची झोप म्हणूनच गोड आणि स्वप्नांनी भरलेली असते. जो माणूस रोज पहाटे तीनला उठतो त्याचा फक्त दोन तासांचा तोटा होत नाही. स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा त्याच्या हातून जातो. शिकलेलं पक्कं होणं, मन थाऱ्यावर राहणं यांच्याशी त्या झोपेचा जवळचा संबंध आहे.

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, हे आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात. चौदा ते सतरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास, सहा ते तेरा वयाच्या मुलांना नऊ ते अकरा. हे आकडे गावात सांगितले की लोक म्हणतात, "मास्तर, आम्ही पाच तासांवर आयुष्य काढलं. काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या एका प्रयोगात आहे. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांच्या एका गटाला सलग चौदा दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. चौदाव्या दिवसापर्यंत त्यांचं लक्ष आणि चपळाई इतकी घसरली की सलग एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी. आणि त्यांना स्वतःला विचारलं तर ते म्हणत होते, जरा झोप येते एवढंच, बाकी ठीक आहे. मला हा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कमी झोपलेल्या माणसाला आपण किती मंदावलो ते कळेनासं होतं. त्याने "मला काय होत नाही" म्हटलं तर ती खात्री धरता येत नाही.

हे मला घरात दिसलं. भाऊ मोल्डिंगला होता. नाईट संपवून यायचा तेव्हा कानांच्या पाळ्यांत आणि भुवयांत काळी वाळू भरलेली असायची. आई त्याच्यासाठी एक गोष्ट न चुकता करायची. खोलीच्या एकुलत्या खिडकीला घोंगडी टांगायची, कोंबडा डालग्याखाली झाकायची आणि गल्लीत गोट्या खेळणाऱ्या पोरांना दुसरीकडं पिटाळायची. आज पुस्तकात वाचतो की रातपाळी करून आलेल्याने अंधार करून, शांतता करून झोपावं. आईला ते कुणी शिकवलं नव्हतं. तरीही भावाची झोप चार-साडेचार तासांच्या वर जायची नाही. दिवसाच्या उजेडात, शरीराचं घड्याळ "जागा हो" म्हणत असताना झोप तुटक लागते. शिफ्ट दर आठवड्याला फिरायची. शरीर एका वेळेला रुळतंय तोवर दुसरी लागायची. एका सोमवारी सकाळी मोटारसायकलवरून परत येताना वळणावर त्याची गाडी रस्ता सोडून खाली गेली. गळपट्टीचं हाड मोडलं. समोरून कुणी आलं नव्हतं, रस्ता कोरडा होता. त्याला आठवत होतं ते एवढंच, की वडाचं झाड लांब होतं आणि मग एकदम जवळ होतं.

असल्या क्षणिक डुलकीत डोळे उघडे असले तरी मेंदू झोपलेला असतो. ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने चार सेकंद डोळा लागला तर गाडी पंचावन्न मीटर जाते, चालवणारा नसताना. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवलं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंद होतो, आणि चोवीस तास जागला तर सुमारे ०.१० टक्के असल्यासारखा. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता आपल्या भागाकडे बघा. बेळगावचा भाजीपाला आणि दूध गोव्याला जातं. त्यासाठी टेंपो रात्री भरतात आणि चोर्ल्याच्या घाटातली वळणं पहाटेच्या अंधारात उतरतात. पहाटे पाचला उठलेला ड्रायव्हर रात्री दहाला स्टिअरिंगवर बसला की त्याचे सतरा तास तिथंच भरलेले असतात. दारू प्यायलेल्याला पोलीस तोंडाला नळी लावून पकडतात. झोप न झालेल्याला पकडणारं तसं यंत्र त्यांच्याकडे नाही. त्याला थांबवायचं काम घरच्यांचं आणि मालकाचं आहे.

रातपाळीचा परिणाम अपघातापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम "बहुधा कर्करोगकारक" या गटात घातलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रातपाळीच्या कामाबाबत तोच निष्कर्ष ठेवला. याचा अर्थ रातपाळी करणाऱ्या प्रत्येकाला तो रोग होतो असा नाही. धोका बहुधा वाढतो, आणि तो गृहीत धरून काम आखायला हवं, एवढा त्याचा अर्थ. आमच्या आसपास उद्यमबाग आहे, ऑटोनगर आहे, यमनापूरला अॅल्युमिनाचा कारखाना आहे, काकतीला मार्कंडेय साखर कारखाना आहे. भट्टी आणि बॉयलर रात्री बंद करता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण पाळ्या कशा फिरवायच्या हे माणसाच्या हातात असतं. सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवल्या तर शरीराला सोसतात. उलट फिरवल्या तर जास्त त्रास होतो. २०२३ मध्ये कर्नाटकाने कारखाने कायद्यात दुरुस्ती करून आठवड्याची ४८ तासांची मर्यादा ठेवत दिवसाचे तास बारापर्यंत नेण्याची मुभा दिली. बारा तास काम, येण्याजाण्याचा तास-दीड तास, जेवण, अंघोळ, मुलांशी चार शब्द हे सगळं वजा केलं की सात तासांची झोप कागदावर तेवढी कशीबशी बसते. हा कायदा करताना कामगाराच्या झोपेचा हिशोब कुणी मांडायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

शेतातल्या रातपाळीला तर हजेरीबुकही नाही. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे, पण थ्री फेज मिळते दिवसातले मोजके तास, आणि त्यातले काही रात्रीचे. हेस्कॉम या वीज कंपनीचं वेळापत्रक बदललं की मार्कंडेय नदीकाठच्या शिवारात झोपेचं वेळापत्रक बदलतं. रात्री एकला मोटर चालू करून, खांद्यावर खोरं टाकून, सरीतून सरीत पाणी वळवायचं. पायाखाली घोणस की दोरी, ते बॅटरीच्या उजेडात ठरवायचं. आण्णांनी हे चाळीस वर्षं केलं. झोप आवरायला ते तंबाखू मळायचे. निपाणीची तंबाखू कमरेच्या चंचीत कायम असायची. निकोटीन मेंदूला जागं ठेवतं हे खरं. पण काम उरकून पहाटे अंथरुणावर पडल्यावरही तोंडातल्या त्या चिमटीचा अंमल रक्तात असतो आणि मग दोन तासांची उरलेली झोपही वरवरची होते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात २०१७ पासून शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना आहे. सरकारी कागदांत तिची नोंद ऊर्जेच्या खात्यावर असेल. मी तिला आरोग्याची योजना म्हणतो. बेळगाव-खानापूरच्या शेतकऱ्यांनी दिवसा थ्री फेज मागताना मोटर आणि पिकाबरोबर आपल्या झोपेचं नावही निवेदनात घालावं.

आता आईचं. या विषयावर लिहिताना माझा हात इथं थांबतो. भावासाठी खिडकीला घोंगडी टांगणारी आई स्वतः किती झोपली याची नोंद आमच्या घरात कुणीच ठेवली नाही. रात्री भावाला डबा बांधून दिला की दहा वाजायचे. आण्णा एकला उठले की तिचीही झोप मोडायची, कारण कडी आतून तीच लावायची. चारला नळ. साडेपाचला चहा, मग भाकऱ्या. दुपारी तिला कधी आडवं झालेलं पाहिलं नाही. झोपलेली बाई म्हणजे आळशी, असं शेजारणी म्हणतील ही धास्ती. रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी मीठ विचारलं, लोणचं विचारलं, गोळ्या दिल्या. झोप विचारली नाही. बासष्टाव्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. तो झोपेमुळेच आला असं मी म्हणणार नाही. कारणं अनेक असतात. पण गाढ झोपेत रक्तदाब दिवसाच्या मानाने दहा ते वीस टक्के उतरतो आणि हृदयाला, रक्तवाहिन्यांना तेवढी उसंत मिळते. चाळीस वर्षं तिला ती उसंत पुरती मिळाली नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे.

बेळगाव शहरात २००८ साली काही प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. त्या भागातल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "सर, पाण्यापेक्षा मला घड्याळाचं सुख झालं. गजर लावायचा सुटला." पाणी, वीज, रस्ता यांच्या चर्चेत झोपेचा उल्लेख येत नाही. बाईच्या झोपेचा तर मुळीच नाही. ज्या घरात पाणी रात्री-अपरात्री येतं, तिथं निदान आळीपाळीने उठावं. घागर भरायला बाईचाच हात लागतो असं कुठं आहे?

साखरेच्या आजाराबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण आमच्या गल्लीत आज घरटी एक गोळी आहे. १९९९ साली शिकागो विद्यापीठात अकरा धडधाकट तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं. सहा दिवसांत त्यांच्या शरीराचा रक्तातली साखर उचलण्याचा वेग सुमारे चाळीस टक्क्यांनी मंदावला. पोरं विशीतली होती, कसलाही आजार नव्हता. झोप अपुरी असली की भूक चाळवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं घटतं, म्हणून रात्री जागणाऱ्याचा हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. भात सोडला, साखर सोडली, सकाळी फिरायला लागलो, तरी साखर हटत नाही अशी तक्रार करणाऱ्याने एकदा आपण किती वाजता झोपतो ते बघावं.

इथपर्यंत लिहिलं ते लादलेल्या जागरणाबद्दल. आता जे जागरण आपण हौसेने विकत घेतो त्याबद्दल. आण्णांच्या झोपेवर विजेच्या वेळापत्रकाचा ताबा होता. आजच्या मुलाच्या झोपेवर त्याच्या तळहाताएवढ्या पडद्याचा ताबा आहे. ज्या पोरांचे आजे वीज येण्याची वाट बघत जागायचे, ती पोरं पांघरुणात तोंड घालून एकापाठोपाठ एक रील बघत एक वाजेपर्यंत जागतात, आणि सकाळी दोघांचे डोळे सारखेच लाल. पडद्याचा निळसर उजेड मेलाटोनिन उशिरा आणतो हे खरं आहे, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण मनाचं आहे. पुढचं काय असेल या ओढीने मेंदू थांबतच नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१४ साली मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक काढलं, इतकी ही गोष्ट पुढे गेली आहे.

मुलांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. तेरा-चौदाव्या वर्षापासून शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं. दहावीतल्या मुलाला नऊला झोप येत नाही ती सगळी त्याची आगळीक नसते. त्यावर मोबाईलने आणखी दोन तास चढवले, आणि सकाळी क्लास साडेसहाचा ठेवला, की आठ तास कुठून आणायचे? डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलायला सुचवलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. बसवाल्यांची, दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांची अडचण झाली, कुरकुर झाली. तरीही एका सरकारने शाळेचं वेळापत्रक मुलाच्या झोपेवरून ठरवलं ही मोठी गोष्ट आहे. मला त्यात एकच उणीव दिसते. उशिराच्या शाळेची गरज चौथीच्या मुलापेक्षा नववी-दहावीच्या मुलाला जास्त आहे.

एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलांना मी दरवर्षी एकच सांगत आलो. वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेत. दिवसभरात टिपलेलं मेंदू रात्री उलगडून, निवडून ठेवतो. रात्रभर घोकलेलं म्हणजे ओल्या भिंतीवर दिलेला चुना.

आमच्या भागात तालमी होत्या, अजून काही आहेत, आणि झोपेचं शास्त्र मी विज्ञानाच्या पुस्तकाआधी तालमीत ऐकलं. आमचे वस्ताद पोरांना रात्री नऊनंतर आखाड्यात थांबू द्यायचे नाहीत. जोर-बैठका किती मारल्या यापेक्षा किती झोपलास हे आधी विचारायचे. दुपारच्या खुराकानंतर पडायचंच, पण वेळेत उठायचं. "अंग कमावलं जातं ते लाल मातीत, पण भरतं ते अंथरुणात," असं ते म्हणायचे. पुढे वाचलं की शरीराची झीज भरून काढणारं वाढीचं संप्रेरक सगळ्यात जास्त सुटतं ते रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत. वस्तादांना संप्रेरकाचं नाव ठाऊक नव्हतं, नेम ठाऊक होता. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत. खांबाला टेकू द्यावा तसे टेकू. दिवसा झोपावं ते मुख्यतः उन्हाळ्यात, असंही तिथं आहे. आपल्या भाषेतही बघा: डुलकी, पेंग, झापड, गुंगी, वामकुक्षी, साखरझोप, सावध झोप, गाढ झोप. ज्या लोकांनी झोपेला इतकी नावं दिली त्यांनी ती बारकाईने पाहिली होती.

एका समजुतीबद्दल मात्र वाईट वाटतं. "घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय" असं आपण म्हणतो. आण्णा उतारवयात असे घोरायचे की ओसरीवर ऐकू यायचं. मधेच आवाज बंद. मी पडल्या पडल्या मोजायचो: दहा, पंधरा, वीस. मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं. त्या वेळी मला तो म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव वाटला. आज कळतं की झोपेत श्वास अडकण्याचा तो आजार असावा. घशाचा मार्ग झोपेत मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवून माणसाला अर्धवट जागं करतो. तासाला तीस वेळा किंवा त्याहून जास्त असं होत असेल तर आजार तीव्र समजतात. माणसाला सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही, दिवसभर नुसती पेंग येते, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावर मुखवटा लावून हलक्या दाबाने हवा सोडणारं यंत्र काढलं आणि या आजारावर उपाय झाला. तपासणी आता बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयांतही होते. हा आजार घरच्यांनाच आधी कळतो, रोग्याला नाही. शेजारी झोपणाऱ्याने ऐकलं पाहिजे, मोजलं पाहिजे आणि डॉक्टरांना सांगितलं पाहिजे.

सणाच्या जागरणाला माझा विरोध नाही. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते आणि ती बघायला मीही खांद्यावर पोरं घेऊन उभा राहिलोय. वर्षातून दोन-चार रात्रींनी माणूस आजारी पडत नाही. पण रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे, ती गल्लीतल्या बाळंतिणीसाठी आणि नाईट करून येणाऱ्यासाठीही आहे, एवढं मंडळांनी ध्यानात ठेवावं. माणसाला मारते ती झोपेची रोजची थोडी थोडी तूट. संध्याकाळी सातचा चहाच बघा. पाच तासांनी, मध्यरात्री, त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. "झोप लागावी म्हणून" घेतलेली दारू लवकर गुंगवते आणि रात्रीच्या उत्तरार्धात झोपेचं खोबरं करते. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम आहे. तरी शेजारणीची गोळी अर्धी तोडून घेण्याची रीत घरोघर दिसते. जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून आता गोळीऐवजी सवयी आणि विचार बदलण्याची उपचारपद्धती सांगतात. तिच्यावर पुढे एक पूर्ण प्रकरण आहे. ते सावकाश वाचा. त्यातली साधी वाटणारी गोष्ट, रोज एकाच वेळी उठणं, सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गुणाची आहे.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चौदा दिवसांचा एक तक्ता कोरा ठेवला आहे. घरातल्या प्रत्येकाचं नाव, पडल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि मधे कुणामुळे जाग आली, असे चार रकाने. ते पान फाडून स्वयंपाकघराच्या दाराला लावा आणि शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधा. पहिल्या ओळीत घरात सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या बाईचं नाव लिहा.